उत्क्रांती शिकायची म्हणजे काय शिकायचं?

उत्क्रांती म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. डावीकडे वाकलेलं माकड, मग थोडं सरळ झालेलं माकड, मग हातात दगड घेतलेला केसाळ माणूस, आणि शेवटी ताठ उभा राहिलेला आपल्यासारखा कुणीतरी. ते चित्र चुकीचं आहे. आणि त्या चुकीला आपल्या मराठी शब्दानेही थोडा हातभार लावलेला आहे. आमचा धंदा तत्त्वज्ञानाचा, म्हणून शब्दापासून सुरुवात करतो. कंटाळा आला तर सांगा.

‘उत्’ म्हणजे वर किंवा बाहेर, ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे. उपनिषदांत आणि ब्रह्मसूत्रांत उत्क्रान्ति हा शब्द येतो तो जीव शरीर सोडून निघून जातो या अर्थाने. म्हणजे जो शब्द मूळ मरणाचा, तो आपण जीवसृष्टीच्या जन्मकथेला लावला. हरकत नाही, शब्द असेच फिरतात. पण त्यातला ‘वर’ काही गेला नाही. विद्यार्थ्याला वाटतं, उत्क्रांती म्हणजे चढण. खालच्या पायरीवर किडामुंगी, वरच्या पायरीवर आपण. बंगालीत या गोष्टीला ‘विवर्तन’ म्हणतात. त्याचीही गंमत आहे. शांकर वेदान्तात विवर्त म्हणजे दोरीवर भासणारा साप, म्हणजे बदल जो खरा नाहीच. मराठी विश्वकोशात ‘क्रमविकास’ हा शब्द भेटतो. विकास म्हणजे कळीत आधीपासून असलेलं फूल उमलणं. सांख्यांचा ‘परिणाम’ त्यातल्या त्यात जवळचा वाटतो, कारण दुधाचं दही खरोखर होतं. पण सांख्य लगेच म्हणणार की दही दुधात आधीच होतं. डार्विनचं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. पुढे काय होणार ते आधी कुठेच लिहिलेलं नव्हतं. वेगळेपणा आपोआप येत राहतो. त्यातलं काही त्या जागी, त्या काळी टिकतं, बाकीचं जातं. हा विचार आपल्या कोणत्याही जुन्या शब्दात नीट बसत नाही. म्हणूनच तो शिकावा लागतो, आणि एका धड्यात तो शिकून होत नाही.

आता पदवीचं बोलू. आपल्या भागातली कॉलेजं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला जोडलेली. तिथे विद्यार्थी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतो, वनस्पतिशास्त्र घेतो. उत्क्रांती हा त्यातला एक भाग. सगळीकडे साधारण असंच आहे. परदेशात काही ठिकाणी निराळी रचना असते. एडिनबरा विद्यापीठात उत्क्रांतिजीवशास्त्रात पहिली पदवी घेता येते. हे तेच एडिनबरा, जिथे १८२५ साली डार्विन डॉक्टर व्हायला गेला आणि अर्धवट सोडून आला. प्रिन्स्टनला परिसरशास्त्र आणि उत्क्रांती यांचा मिळून एक स्वतंत्र विभागच आहे. आमचं म्हणणं असं नाही की तिरोड्यात उद्या तसा विभाग उघडा. पण त्या तीन-चार वर्षांत तिथे काय शिकवतात, आणि ते इथे कशावर शिकता येईल, एवढं पाहण्यासारखं आहे.

तिथे पहिली गोष्ट शिकवतात ती ही : एका प्राण्याकडे पाहू नका, समूहाकडे पाहा. वाघ उत्क्रांत होत नाही. वाघ जन्मतो, शिकार करतो, मरतो. बदलते ती वाघांच्या समूहातली वेगवेगळ्या गुणांची टक्केवारी. हे वाक्य ऐकायला सोपं आहे, पण पचायला एक वर्ष लागतं, कारण आपली सगळी भाषा एकेकाची आहे. ‘जिराफाने मान उंच केली’ असं आपण सहज बोलून जातो. कोणत्याही जिराफाने तसं काही केलेलं नाही.

झाडीपट्टीतल्या माणसाला हे समजावायला जिराफ कशाला हवा? बांधीत उतरा.

धानापासूनच सुरुवात करू, कारण धानाची गोष्ट आपल्याकडे फार मागे जाते. इथून दीडदोनशे किलोमीटरवर, चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आजही नागपुरात आहे, त्यांनी तिथून जीवाश्म गोळा केले होते. धर्मोपदेशक माणूस, पण दगड उचलायचा थांबला नाही. हे आम्हाला आवडतं. त्याच पिसदुऱ्याला डायनासोरांच्या विष्ठेचे जीवाश्म सापडतात. गवताच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण साचतात, त्यांना फायटोलिथ म्हणतात. गवत कुजतं, कण राहतात. वंदना प्रसाद, अशोक सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विष्ठेत हे कण शोधले आणि २००५ साली ‘सायन्स’ मासिकात मांडलं की डायनासोर गवत खात होते. तोवर समज असा होता की गवतांचा पसारा डायनासोर संपल्यानंतरचा. २०११ साली त्याच भागातल्या कणांवरून आणखी एक निबंध आला : त्यांत धानाच्या कुळातली गवतंही होती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. म्हणजे धानाचे दूरचे नातेवाईक विदर्भात माणसाच्या कितीतरी आधीचे रहिवासी.

पण बांधीतला धान हा त्या गवतापेक्षा वेगळा कसा झाला? तलावाच्या काठाला आपोआप उगवणारं देवधान तुम्ही पाहिलं असेल. त्याचा दाणा पिकला की आपोआप गळतो. रोपाच्या दृष्टीने हेच बरोबर आहे. दाणा जमिनीत गेला तरच पुढचं रोप. घरच्या धानाचा दाणा मात्र लोंबीलाच धरून राहतो. जंगलात असं रोप वांझ ठरलं असतं. हा फरक घडवणाऱ्या जनुकांपैकी एक महत्त्वाचं जनुक २००६ साली सापडलं. त्यात अक्षरांचा फरक एकाच जागी आहे. आता विचार करा. हजारो वर्षांपूर्वी कापणी करणाऱ्या माणसाच्या डोक्यात काही दाणा सुधारायचा बेत नव्हता. त्याने लोंब्या कापून घरी आणल्या. जे दाणे आधीच गळून गेले ते घरी आलेच नाहीत. जे धरून राहिले ते आले, आणि त्यांतलेच पुढच्या वर्षी पेरले गेले. निवड झाली, पण निवडणारा कुणी नव्हता. पदवीच्या पहिल्या वर्षी एवढं एक नीट कळलं, तर आमच्या मते फी वसूल झाली.

याच्याही पुढची गोष्ट बांधीतल्या सावा जातीच्या गवताची. रोवणी झाल्यावर निंदणाला बाया उतरतात. वाकून, हाताने, एकेक रोप पाहून तण उपटतात. आता ज्या सावाचं खोड पसरट, रंग निराळा, तो लगेच ओळखू येतो आणि उपटला जातो. जो धानासारखा सरळ उभा, धानासारखाच हिरवा, तो नजरेतून सुटतो आणि बी धरतो. असं शेकडो वर्षं चाललं की काय होईल? तणच धानाची नक्कल करू लागेल. आणि झालंही तसंच. याला रशियन शास्त्रज्ञ वाव्हिलोव्ह यांच्या नावाने ओळखतात. २०१९ साली चीनमधल्या सावाच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यात यांगत्सेच्या खोऱ्यातली ही नक्कल सुमारे हजार वर्षांपूर्वीची निघाली. म्हणजे निंदणाऱ्या बाईची नजर ही उत्क्रांती घडवणारी शक्ती आहे. तिला रोजी किती मिळते ते सोडा, पण पाठ्यपुस्तकात तिचं नाव यायला हवं होतं.

वाव्हिलोव्ह यांचं पुढे काय झालं तेही सांगून ठेवतो. स्टालिनच्या काळात लायसेन्को नावाच्या गृहस्थांना आनुवंशिकीचं शास्त्र पसंत नव्हतं आणि सरकारला लायसेन्को पसंत होते. वाव्हिलोव्ह यांना १९४० साली अटक झाली. जगभरातून पिकांचं बी गोळा करणारा हा माणूस १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात मेला. विषय सरकारला आवडतो की नाही यावर शास्त्र ठरायला लागलं की काय होतं, त्याचा हा दाखला.

आता ज्यासाठी आम्ही मुख्यतः आलो, त्या विषयाकडे येतो. सिकलसेल.

या सभागृहात असं घर क्वचितच असेल ज्याच्या नात्यात किंवा ओळखीत ‘एएस पॅटर्न’ किंवा ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द आलेले नाहीत. तपासणीचा कागद हातात पडतो, त्यावर दोन अक्षरं असतात, आणि त्या दोन अक्षरांवर लग्नं मोडतात. म्हणून ही अक्षरं नीट वाचता येणं हा केवळ परीक्षेचा प्रश्न नाही.

प्रत्येकाकडे हिमोग्लोबिनच्या त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. साधी प्रत ‘ए’, बदललेली ‘एस’. बदल केवढा? प्रथिनाच्या साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बस. दोन्ही प्रती ‘एस’ असल्या की प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग त्या वेदना, ज्या इथल्या कित्येक आयांनी रात्र-रात्र जागून पाहिल्या आहेत. एकच प्रत ‘एस’ असेल तो वाहक. तो आजारी नसतो. पुन्हा सांगतो, वाहक आजारी नसतो.

आता उत्क्रांतीचा प्रश्न : इतकी घातक गोष्ट टिकली कशी? निवडीने ती कधीच नाहीशी व्हायला हवी होती. १९४९ साली जे. बी. एस. हॉल्डेन यांनी थॅलेसेमियाबद्दल सुचवलं की मलेरियापासून काही संरक्षण मिळत असावं, म्हणून हा दोष मलेरियाच्या प्रदेशात टिकतो. १९५४ साली अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलबाबत हा संबंध दाखवला. वाहकाला मलेरिया होतच नाही असं नव्हे; पण फाल्सिपेरम जातीचा जीवघेणा मलेरिया त्याला बराच कमी होतो. म्हणजे मलेरियाच्या जंगलात ‘एए’ मलेरियाने जास्त मरणार, ‘एसएस’ सिकलसेलने मरणार, आणि मधला ‘एएस’ तगणार. आपल्या भागात मलेरिया किती जुना आहे ते वेगळं सांगायला नको. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये दिली, तेव्हापासून हा विषय वैद्यकाच्या कागदावर आहे. आपल्याकडच्या ‘एस’ जनुकाच्या आजूबाजूची रचना आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळी आहे, तिला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. बरीच वर्षं मानलं जात होतं की हा बदल भारतात किंवा अरबस्तानात स्वतंत्रपणे घडला. २०१८ साली एका अभ्यासाने म्हटलं की नाही, मूळ एकच असावं, आफ्रिकेतलं. वाद चालू आहे, आणि पदवीच्या विद्यार्थ्याने तो वाद म्हणूनच वाचावा. या प्रकारात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त राहतं, म्हणून आजार सरासरीने सौम्य असतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं. नागपूरच्या रुग्णालयांतल्या नोंदी सांगतात की ‘सौम्य’ हा शब्द इथे जपून वापरावा.

आता थोडं गणित. घाबरू नका, आठवीचंच आहे. १९०८ साली हार्डी आणि वाइनबर्ग या दोघांनी स्वतंत्रपणे ते मांडलं. समजा, एका समाजात जनुकाच्या दर १०० प्रतींपैकी ५ ‘एस’ आहेत. मग मुलाला दोन्हीकडून ‘एस’ मिळण्याची शक्यता ०.०५ गुणिले ०.०५, म्हणजे ०.००२५. दहा हजार जन्मांत २५ रुग्ण. वाहक किती? २ गुणिले ०.०५ गुणिले ०.९५, म्हणजे साडेनऊ टक्के, दहा हजारांत ९५०. आता ‘एस’चं प्रमाण दुप्पट करा, १०० प्रतींत १०. वाहक १८ टक्के, म्हणजे साधारण दुप्पट. रुग्ण मात्र दहा हजारांत १००, चौपट. म्हणून दोन शेजारच्या तालुक्यांत वाहकांचा फरक थोडा दिसतो आणि दवाखान्यातल्या रांगेचा फरक फार मोठा दिसतो. हे गणित लग्नं कुणाशीही होतात असं धरून आहे. आपल्याकडे लग्नं जातीत होतात, तेव्हा हिशेब जिल्ह्याच्या सरासरीवर नव्हे, त्या त्या लग्नसंबंधांच्या वर्तुळातल्या प्रमाणावर करावा लागतो. इथे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला समाजशास्त्राच्या वर्गात डोकवावं लागतं.

काही लोक म्हणतात, रुग्णांना मुलं होऊ दिली नाहीत की आजार संपेल. हे ऐकलं की आमच्या अंगावर काटा येतो. पण रागाने उत्तर देण्यापेक्षा गणिताने देऊ. १०० प्रतींत ५ ‘एस’ असताना, त्या पाचांपैकी जवळजवळ सगळ्या, म्हणजे दर शंभरातल्या ९५, वाहकांच्या शरीरात आहेत, रुग्णांच्या नव्हे. एकाही रुग्णाला मूल झालं नाही असं धरलं, तरी हे प्रमाण पाचाचं अडीच व्हायला २० पिढ्या लागतात. पिढी २५ वर्षांची धरा, ५०० वर्षं. आणि तेही मलेरियाचा फायदा शून्य धरून. म्हणजे ती सूचना क्रूर तर आहेच, पण अडाणीही आहे.

जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. २०४७ हे वर्ष ठरवलं आहे, आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आहे. त्यातला ‘निर्मूलन’ हा शब्द नीट समजून घ्या. ‘एस’ हे जनुक २०४७ पर्यंत जाणार नाही. वरचं गणित तुम्ही आत्ताच पाहिलंत. आजाराने होणारं नुकसान आटोक्यात आणायचं, असा त्याचा अर्थ घेतला पाहिजे. म्हणजे लवकर तपासणी, हायड्रॉक्सीयुरियासारखं औषध वेळेवर, आणि लग्नाआधी सल्ला. सल्ला काय द्यायचा? एक वाहक आणि एक ‘एए’, यांच्या मुलांत रुग्ण होत नाही. दोन वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. ‘प्रत्येक गरोदरपणात’ हे शब्द विसरू नका. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब घरोघर करतात. तो चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत चौथ्या मुलाला मोजावी लागते.

आणि मुलीचा कागद ‘एएस’ आला म्हणून स्थळ मोडणारे लोक आपल्या मुलाची तपासणी करत नाहीत, हेही तुम्हाला ठाऊक आहे. फक्त मुलीचा कागद पाहून काहीच ठरत नाही. हे सांगायला उत्क्रांतीची पदवी लागत नाही, पण ज्याच्याकडे ती असेल त्याने घरोघर जाऊन सांगायला हवं.

हा ‘त्या लोकांचा’ आजार, असं बोलणं कानावर येतं. विदर्भात तो अनुसूचित जातींत आहे, जमातींत आहे, इतर मागासवर्गात आहे. जनुकाला जातीचा दाखला लागत नाही. मलेरिया कुठे होता आणि लग्नं कुणाकुणात झाली, एवढंच त्याला कळतं. जीवशास्त्राच्या नावाने माणसांची उतरंड लावायचा उद्योग जुना आहे. इरावती कर्वे बर्लिनला डॉक्टरेट करायला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे, हे दाखवायचं काम. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. विशीतली परकी मुलगी, समोर तो प्राध्यापक, ते जर्मनी. मोजमाप प्रामाणिकपणे करणं म्हणजे काय, हे शिकवायला आम्हाला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आमच्या स्वतःच्या विषयाकडे जरा येतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक आक्षेप नेहमी निघतो : उत्क्रांती हे शास्त्र कसं? जे घडून गेलं ते पुन्हा घडवून दाखवता येत नाही. कार्ल पॉपर यांचं नाव त्यासाठी घेतात. १९७४ साली त्यांनी डार्विनवादाला कसोटीला उतरणारा सिद्धान्त न मानता तत्त्वमीमांसेतला कार्यक्रम म्हटलं होतं, हे खरं. पण हेच पॉपर १९७७ साली केंब्रिजच्या डार्विन कॉलेजात बोलले आणि त्यांनी ते मत मागे घेतलं. पहिली गोष्ट सगळे सांगतात, दुसरी कुणी सांगत नाही. आणि आक्षेपाचं उत्तर पिसदुऱ्याच्या मातीतच आहे. गवत नंतरचं असेल तर डायनासोरच्या विष्ठेत त्याचे कण सापडता कामा नयेत. सापडले, म्हणून समज बदलावा लागला. भूतकाळाबद्दलचं विधानही खोटं पडू शकतं. पोलीस तपासात गुन्हा पुन्हा घडवून पाहत नाहीत, तरी पुरावा पुरावाच असतो.

आता पालकांसाठी व्यवहाराचं. बारावीला जीवशास्त्र घेणारी बहुतेक मुलं गणित सोडतात. ‘नीट’ला लागत नाही म्हणून. उत्क्रांतिजीवशास्त्रात पुढे जायचं असेल तर हा सौदा तोट्याचा आहे. आत्ता आपण जे केलं ते सगळं संभाव्यतेचं गणित होतं. पुण्याच्या आयसरमध्ये २००६ पासून पाच वर्षांचा बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रम आहे. तिथे सुतीर्थ डे यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढवून उत्क्रांती डोळ्यांदेखत घडताना पाहतात. प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्राबरोबर गणितही असतं. बेंगळुरूला जवाहरलाल नेहरू केंद्र आहे, भारतीय विज्ञान संस्था आहे. तिथे राघवेंद्र गदगकर यांनी गांधीलमाशीच्या एका जातीवर कित्येक दशकं काम केलं, आणि मुख्य साहित्य काय? डोळे, वही, आणि माश्या ओळखता याव्यात म्हणून त्यांच्या अंगावर लावायचा रंगाचा ठिपका.

आणि ज्यांना पुणे-बेंगळुरू जमणार नाही? बहुतेकांना जमणार नाही. तिरोड्याहून नागपूरचा खर्चही सगळ्यांना झेपत नाही. त्यांच्यासाठी हॉल्डेन यांची आठवण. ते १९५७ साली इंग्लंड सोडून कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यांचा आग्रह होता की भारतातल्या तरुणांनी महागड्या यंत्रांची वाट पाहू नये, मोजायला लागावं. त्यांचे सहकारी एस. के. रॉय यांनी पारिजातकाच्या पाकळ्या मोजल्या. सगळ्या फुलांना सारख्या पाकळ्या नसतात, हे तुम्ही अंगणात पाहिलंही असेल. पण मोजलं नसेल. आणि आपल्याकडे गणिती परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४४ साली जनुकांमधलं अंतर मोजण्याचं एक सूत्र दिलं. धानाच्या जनुकांचे नकाशे करणारे आजही ते वापरतात.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली : ‘दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली, हे खरं का?’ खरं आहे, पण पूर्ण नाही. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून तो भाग वगळला. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र काढलं. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे. पण दहावीनंतर जो कला शाखेला किंवा आयटीआयला जातो त्याला तो कधीच भेटणार नाही. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मात्र पहिलंच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. मास्तरांनी ते घाईत उरकू नये, एवढीच विनंती.

दुसरी : ‘नोकरी लागते का?’ उत्क्रांतीची म्हणून पाटी लावलेली नोकरी नाही. वनविभाग, सिकलसेलच्या तपासणी प्रयोगशाळा, बियाण्यांचं संशोधन, शिक्षकी, यांत हा अभ्यास उपयोगी पडतो, आणि त्या जागांसाठी स्पर्धा आहे. संशोधनात जायचं तर दहा वर्षं धरून चला. घरची स्थिती पाहून ठरवा. आम्ही खोटी आशा दाखवणार नाही.

ज्यांना या पावसाळ्यातच सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी एक काम. आता बऱ्याच बांध्यांत निंदणाऐवजी तणनाशक फवारतात. म्हणजे सावाची परीक्षा बदलली. आता धानासारखं दिसून फायदा नाही, औषध पचवून फायदा आहे. मग नक्कल ढिली पडत असेल का? दहा बांध्या निवडा, पाच हाताने निंदलेल्या, पाच फवारलेल्या. प्रत्येकीत एक मीटर चौरस दोरीने आखा. निंदण किंवा फवारणी झाल्यावर जे सावाचे रोप उरले असेल, त्याच्या खोडाचा रंग, फुटवे उभे की पसरलेले, आणि उंची, हे वहीत लिहा. शेतमालकाला आधी विचारा. आणि धानाच्या आधी सावा निसवतो की नंतर, ती तारीख लिहायला विसरू नका.